थ्रिलरचं दोन मिनिटांचं ओपनिंग: पोरं ट्रेलर करून ठेवतात, गोची तिथेच होते

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. लेक दुबईत ब्रिटिश करिक्युलमच्या शाळेत इयर ट्वेल्व्हला, केंब्रिजचा एएस (म्हणजे ए लेव्हलचा पहिला टप्पा) मीडिया स्टडीज घेतलाय, चौघांच्या ग्रुपला थ्रिलर फिल्मचं दोन मिनिटांचं ओपनिंग करायचंय, कॅमेरा नाही नुसता फोन आहे, आणि फिल्म झाल्यावर तिचं इव्हॅल्युएशन म्हणजे नक्की काय करायचं ते घरात कोणालाच कळत नाहीये. ग्रुपची आयडिया म्हणजे हूडीवाला माणूस मुलीचा पाठलाग करतो, तिला गोडाऊनमध्ये खुर्चीला बांधतो, मध्ये फ्लॅशबॅक, शेवटी डिटेक्टिव्ह येतो.

मी इंग्लंडमध्ये सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे सोळा ते अठराच्या पोरांना, मीडिया शिकवते. ओसीआर या इकडच्या परीक्षा बोर्डाच्या जुन्या एएसला अगदी हेच काम असायचं, नव्या फिक्शन फिल्मची टायटल्स आणि ओपनिंग, जास्तीत जास्त दोन मिनिटं, शंभरपैकी साठ मार्क फिल्मला, वीस प्लॅनिंग-रिसर्चला आणि वीस इव्हॅल्युएशनला. त्यामुळे हूडी, गोडाऊन आणि खुर्ची हे त्रिकूट मी इतक्या वेळा बघितलंय की आता पहिल्या शॉटलाच पुढचं सगळं सांगू शकते. केंब्रिजचे नियम जवळचेच आहेत पण मार्कांची वाटणी वेगळी, ती शाळेकडून लेखी घ्या, आमच्या जुन्या आकड्यांवर जाऊ नका.

कॅमेऱ्याची काळजी आधी सोडून द्या, फोन पुरतो. खरा प्रॉब्लेम आयडियाचा आहे. वर सांगितलेली गोष्ट म्हणजे अख्खी फिल्म झाली, पाठलाग झाला, किडनॅप झालं, पोलीस पण आले, मग उरलेल्या दीड तासात दाखवणार काय? पोरं दोन मिनिटांत सगळं कोंबायला जातात आणि हातात येतो तो ट्रेलर, नाहीतर शॉर्ट फिल्म. ओपनिंगचं काम एवढंच की बघणाऱ्याच्या डोक्यात एक प्रश्न टाकायचा आणि उत्तर द्यायचं नाही. एकच प्रश्न बरं का, पाच नाही. रोलां बार्थ नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९७० मध्ये याला कोड म्हणून मांडलं, मीडियाच्या वर्गात त्याला एनिग्मा कोड म्हणतात, लेकीला हे नाव शिकवलेलं असणार. पण नाव टाकल्याने मार्क मिळत नाहीत, आपल्या फिल्ममधला तो प्रश्न नेमका कुठल्या सेकंदाला पडतो हे दाखवता आलं तर मिळतात.

हिचकॉकने सस्पेन्स आणि सरप्राइझ यांच्यातला फरक टेबलाखालच्या बॉम्बने समजावला होता. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का, पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल आणि टेबलावरच्या लोकांना नसेल, तर तेवढ्याच गप्पांना पंधरा मिनिटं जीव टांगणीला. ऑर्सन वेल्सच्या टच ऑफ इव्हिलचं (१९५८) ओपनिंग पोरांना जरूर दाखवा, तीन मिनिटांहून जास्त चालणारा एकच अखंड शॉट, सुरुवातीलाच टायमर लावलेला बॉम्ब गाडीच्या डिकीत जाताना आपण बघतो आणि मग ती गाडी गर्दीतून निवांत फिरतेय. आपल्याकडचं हवं असेल तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या श्रीराम राघवनचा अंधाधुन (२०१८), कोबीच्या शेतात एक ससा आणि त्याच्यामागे बंदूक घेतलेला माणूस, याचा गोष्टीशी काय संबंध ते शेवटाकडे कळतं. या दोन्ही ओपनिंगमध्ये खुर्चीला बांधलेलं कोणी नाही आणि हूडीपण नाही.

मग करायचं काय? घरातलंच काहीतरी शोधा. मला तुमचं वाचता वाचता सुचलं ते सांगते, घ्या किंवा सोडा. गल्फमधली आपली कुटुंबं जुलै-ऑगस्टमध्ये फ्लॅट बंद करून इंडियात येतात. समजा मुलगी कॉलेजच्या ॲडमिशनसाठी आईवडिलांच्या आधी एकटीच परतली. लिफ्टचे आकडे, बॅगेच्या चाकांचा आवाज, कुलपात किल्ली, आत अंधार, ती मेन स्विच वर करते, टेबलावर धूळ, बाल्कनीतली झाडं वाळलेली. आईला फोनवर सांगते हो गं पोचले. आणि मग पॅसेजच्या टोकाला भिंतीवर पिवळा उजेड हलताना दिसतो. देवघरात समई तेवतेय. समईतलं तेल काही तासांत संपतं, म्हणजे कोणीतरी आत्ताच लावलीय, हे एकही शब्द न बोलता कळतं. केंब्रिजच्या एक्झामिनरला समई माहीत नसली तरी बंद घरात ज्योत म्हणजे काय ते जगात कोणालाही समजेल. टायटल, कट, संपलं. कोणी लावली ते दाखवायचं नाही, सावली नाही, दाराआडचा हात नाही, पोरं शेवटच्या क्षणी हात घालायचा हट्ट करतील, घालू देऊ नका. (समईच्या शूटिंगला तुम्ही तिथे थांबा, आणि स्मोक डिटेक्टरच्या बरोब्बर खाली नको, नाहीतर अख्खी बिल्डिंग खाली उतरेल.)

घरातल्या गोष्टीचा आणखी एक फायदा म्हणजे परवानगी. युएईत माणसांच्या संमतीशिवाय त्यांचं शूटिंग करणं हा गुन्हा आहे, मॉल आणि मेट्रोत "पटकन एक शॉट घेऊ" हे डोक्यातूनच काढा. आणि खेळण्यातली पिस्तूल बाहेर न्यायची नाही, तिथे नाही आणि इथे इंग्लंडमध्येही नाही. इकडे नकली बंदूक विनाकारण सार्वजनिक जागी बाळगणं हाच गुन्हा आहे आणि बघणारा पोलिसांना फोन करताना ती खरी की खोटी हे विचारत बसत नाही.

शूटिंगचं फार ताणत नाही, यूट्यूबवर ढीगभर आहे, पण तीन गोष्टी तिथे कोणी धड सांगत नाही म्हणून सांगते. एक तर फोन बहुतेक वेळा सेकंदाला तीस फ्रेमवर असतो आणि तुमच्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे घरातल्या काही एलईडी आणि ट्यूबखाली चित्र लुकलुकतं. मॅन्युअल कंट्रोल देणारं कॅमेरा ॲप घ्या, पंचवीस फ्रेम आणि शटर पन्नासांश सेकंद ठेवा, बहुतेक वेळा लुकलुक थांबते. दुसरं, फोकस आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ ते) लॉक करा, नाहीतर अंधाऱ्या पॅसेजमधून समईकडे जाताना फोन आपल्या मनाने सगळं उजळवून टाकेल आणि भीतीचा पार बट्ट्याबोळ. अंधार म्हणजे लाइट बंद करणं नव्हे, एका बाजूने एकच टेबल लॅम्प ठेवा आणि बाकीचं काळं राहू द्या, पूर्ण अंधारात फोन नुसते दाणे दाखवतो. तिसरं म्हणजे आवाज, यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. फोनच्या कॅमेऱ्यावर आलेला आवाज फक्त संदर्भाला ठेवा, किल्ली, चाकं, स्विचचा खटका, पावलं हे सगळं दुसऱ्या फोनने अगदी जवळून वेगळं रेकॉर्ड करा, आणि रिकाम्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट घ्या, एडिटमध्ये दोन शॉट जोडताना ती कामाला येते. म्युझिक स्वतःचं किंवा कॉपीराइट-फ्री. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत भरपूर आहे पण पहिल्या सेकंदापासून ढणढण वाजवायचं नाही, पहिलं मिनिट म्युझिक नसलं तरी काही बिघडत नाही.

टायटल्स विसरू नका!! कामाच्या नावातच टायटल्स आहेत आणि पोरं ती शेवटच्या रात्री चिकटवतात. ढोबळ क्रम असा की आधी कंपनी, मग मुख्य नट, फिल्मचं नाव, मग बाकीचे कलाकार, कास्टिंग, संगीत, एडिटिंग, कॅमेरा, प्रोड्युसर, लेखक, आणि दिग्दर्शक सगळ्यात शेवटी. स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटवार चित्रं, काढतानाच फ्रेममध्ये नावासाठी रिकामी जागा धरा, धूळ असलेल्या टेबलाच्या कोपऱ्यात नाव किती छान बसेल बघा. सेव्हनची (१९९५) ती ओरखड्यांची टायटल्स काइल कूपरने केली, ती प्रत्येक वर्गात दाखवतात आणि मग प्रत्येक ग्रुप ओरखडे काढतो. ही टायटल्स फिल्म सुरू होऊन एक सीन झाल्यावर येतात आणि त्यांत दिसणाऱ्या वह्या कोणाच्या याचा गोष्टीशी थेट संबंध आहे, हे मात्र कोणी बघत नाही.

अभिनय ग्रुपबाहेरच्या माणसाने केला तर सहसा चालतं, शाळेला विचारून घ्या. सोळा वर्षांचा मुलगा बाबांचा ब्लेझर घालून डिटेक्टिव्ह झाला की थ्रिलरची कॉमेडी होते. मोठ्या माणसाचं पात्र असेल तर खरा मोठा माणूस घ्या, तुमचे अहो रिकामे असतील तर त्यांना उभं करा.

आता इव्हॅल्युएशन, ज्याची तुम्हाला जास्त काळजी आहे. आमच्याकडे सात प्रश्न असायचे, केंब्रिजमध्ये त्याला क्रिएटिव्ह क्रिटिकल रिफ्लेक्शन म्हणतात आणि प्रश्न चार. कन्व्हेन्शन्स, म्हणजे त्या प्रकारच्या फिल्मचे ठरलेले संकेत, कशी वापरली किंवा मोडली आणि समाजातले गट कसे दाखवले, प्रेक्षकाला कसं गुंतवलं आणि फिल्म वितरित कशी होईल, तुमची स्किल्स कशी वाढली, आणि टेक्नॉलॉजी कशी वापरली. निबंध नको असतो, डिजिटल स्वरूपात द्यायचं असतं, म्हणजे फिल्मवर बोललेली कॉमेंट्री, पॉडकास्ट, व्हिडिओ वगैरे. आणि फिल्म चौघांची असली तरी हे प्रत्येकाचं स्वतःचं.

इथे बहुतेक पोरं काय लिहितात माहितीये का, "आम्ही लो-की लायटिंग वापरलं कारण थ्रिलरमध्ये लो-की लायटिंग असतं." (लो-की म्हणजे बराचसा भाग काळा ठेवणारं लायटिंग.) हे गोल गोल फिरणं झालं. त्यापेक्षा असं बघा: "आम्ही आधी पॅसेज पूर्ण अंधारात घेतला होता, तेव्हा भिंतीवरचा उजेड दिसल्यावर लोकांना वाटलं लाइट आलेत, म्हणून पुन्हा शूट करताना मागे एक लॅम्प ठेवला, म्हणजे दिव्याचा पिवळा हलता उजेड वेगळा कळला, हे दोन्ही शॉट शेजारी शेजारी बघा." निर्णय, कारण, पुरावा. आता हा टाकलेला शॉट जपून ठेवला असेल तरच दाखवता येणार ना! म्हणून इव्हॅल्युएशन हे शेवटी लिहायचं काम नाहीच मुळी, ते पहिल्या दिवसापासून प्रोजेक्टच्या ब्लॉगवर साठत गेलं पाहिजे. फसलेला टेक डिलीट करायचा नाही, एडिटच्या टाइमलाइनचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवायचे, स्टोरीबोर्डच्या चित्राशेजारी प्रत्यक्ष आलेली फ्रेम लावायची. टेक्नॉलॉजीच्या प्रश्नालाही तेच, "मी कॅपकट शिकले" याला काही अर्थ नाही, लुकलुक दिसली, पन्नास हर्ट्झचं कारण सापडलं, सेटिंग बदललं, हे आधीचं आणि हे नंतरचं, हे उत्तर झालं.

कन्व्हेन्शन्सवर बोलताना स्टीव्ह नील या फिल्म अभ्यासकाचं म्हणणं उपयोगी पडतं, जॉनर (फिल्मचा प्रकार) म्हणजे तेच ते आणि थोडं वेगळं अशी दोन्हींची सांगड. एकटी मुलगी, रिकामं घर, हे तेच ते. पण सगळ्यात उबदार, घरची, रोजची वस्तू हीच भीतीची जागा होते, हे वेगळं, आणि समाजगटाचा प्रश्नही इथेच सुटतो कारण गल्फमधलं भारतीय घर थ्रिलरमध्ये फारसं दिसत नाही. आता हूडीकडे बघा. इंग्लंडमध्ये २००५ साली केंटमधल्या ब्लूवॉटर शॉपिंग सेंटरने हूडी घालून फिरण्यावर बंदी आणली आणि त्यावरून देशभर वाद झाला, तरुण पोरांना कपड्यावरून गुंड ठरवणं बरोबर का म्हणून. ज्या ग्रुपमधली पोरं स्वतः रोज हूडी घालतात तीच खुन्याला हूडी घालतात, आणि वर रिप्रेझेंटेशनच्या, म्हणजे समाजातले गट कसे दाखवले त्या, उत्तरात काय लिहायचं असं मला विचारतात. तसंच बळी मुलगी असेल तर कॅमेरा तिच्याकडे कोणाच्या नजरेने बघतो हा प्रश्न येणारच, सिनेमातल्या पुरुषी नजरेवरचा लॉरा मल्वीचा १९७५ चा निबंध वर्गात होतो. मागून चोरून घेतलेले शॉट कमी करून तिला जे दिसतं ते तिच्याबरोबर बघणारे शॉट जास्त ठेवले की उत्तरात सांगायला खरं काहीतरी असतं.

वितरणाच्या उत्तरात वॉर्नर ब्रदर्स लिहायचं नाही. नवख्या दिग्दर्शकाची, एका फ्लॅटमध्ये घडणारी, स्टार नसलेली फिल्म कोण घेईल असा विचार करा, आधी फेस्टिव्हल, मग एखादा प्रादेशिक वितरक, दुबईतलीच फ्रंट रो ही कंपनी काय काय घेते ते त्यांच्या यादीत बघा, मग स्ट्रीमिंग. प्रेक्षक "पंधरा ते पन्नास, सगळे" असा नसतो. वयाचं सर्टिफिकेटपण असंच, पोरांना अठराचं हवं असतं कारण ते भारी वाटतं, पण बंद घर आणि समई याला अठरा कशाला? ब्रिटनमध्ये पंधराचं मिळालं तर त्यांच्याच वर्गातली पोरं थिएटरात जाऊ शकतात, अठरात तीच बाहेर राहतात.

रफ कट (पहिलं कच्चं एडिट) झाला की गोष्ट अजिबात माहीत नसलेल्या चार-पाच लोकांना दाखवा, आवडली का असं विचारू नका, मावशी-काका लोकांना सगळंच आवडतं. "आत्ता काय झालं असं तुम्हाला वाटतं आणि पुढे काय होईल?" एवढंच विचारा आणि उत्तरं फोनवर रेकॉर्ड करा. उत्तरं वेगवेगळी आली पण सगळ्यांनी दिव्याचा उल्लेख केला तर काम झालं. कोणाला काहीच प्रश्न पडला नाही तर एडिट बदला, आणि तेच रेकॉर्डिंग प्रेक्षकाच्या उत्तरात वापरा.

तुम्ही स्वतः किती मदत करायची, तर चहा, लॅम्प धरणं, गाडीतून ने-आण आणि समईपाशी उभं राहणं. रिफ्लेक्शनची वाक्यं तुम्ही लिहून देऊ नका, एआयकडूनही नकोत. हे काम विद्यार्थ्याचं स्वतःचं आहे याची खात्री शिक्षकांना द्यावी लागते, आणि वर्षभर जिला वर्गात बोलताना ऐकलंय तिची भाषा आम्हाला लगेच कळते. ग्रुपमध्ये कोणी काय केलं याची यादी मात्र आत्ताच करून घ्या, कारण तिसऱ्या आठवड्यात एक जण गायब होतो आणि एडिट एकाच्याच लॅपटॉपवर असतं. फुटेजची एक कॉपी दुसऱ्याच्या ड्राइव्हवर रोज टाकायला सांगा.