नवेगाव बांधच्या तळ्यावर फोटो काढायची सवय आहे, डिसेंबरात अलिबागला जातोय. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांसाठी कोणती वेळ धरावी?

भरती चढत असेल अशी सकाळ धरा, नुसतं लवकर उठून भागणार नाही. आपल्या तळ्याचं पाणी जागचं हलत नाही, त्यामुळे सूर्य पाहून निघालं तरी चालतं. समुद्रावर ओहोटी असली की चिखल्या आणि कुरव पार दूर, पाण्याच्या कडेला. फोटोत नुसते ठिपके. पाणी चढायला लागलं की तेच पक्षी तुमच्याकडे सरकत येतात.

कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. द्वादशीला साधारण ९, त्रयोदशीला पावणेदहा. याच दोन दिवशी सकाळी साडेसातला अलिबागजवळच्या आक्षीच्या वाळूवर पालथं पडून राहा. समुद्र पश्चिमेला, म्हणून ऊन पाठीमागून येतं. मी असाच पडून होतो तेव्हा एक चिखल्या इतका जवळ आला की चोचीवरची ओली वाळू दिसत होती. शटर १/२०००, आणि कुरवाची पांढरी पिसं जळू नयेत म्हणून एक्स्पोजर थोडं कमी.

हिशेब मात्र अंदाजाचा आहे, भरतीचं वेळापत्रक पाहूनच निघा. आणि उडतानाचा फोटो हवा म्हणून बसलेला थवा कृपया उठवू नका.