रुग्णालयाच्या आपत्ती आराखड्यात जादा खाटा किती धराव्यात?

आपल्या रुग्णालयाचा मोठ्या आपत्तीसाठीचा आराखडा लिहिणाऱ्या समितीत आपल्याला घेतले आहे आणि मंजूर खाटांच्या किती टक्के जादा खाटा धराव्यात याचे काही सूत्र आहे का, असे आपण विचारले आहे. २० टक्क्यांचा आकडा बऱ्याच मार्गदर्शिकांमध्ये आढळतो. तो लिहिला की समितीचे समाधान होईल. परंतु प्रश्न वाचून मला राहवले नाही, कारण याच प्रश्नावर मी तीन बैठका वाद घातला आहे आणि तिन्ही बैठकांत हरलो आहे.

मी डॉक्टर नाही. एका रुग्णालयाच्या देखभाल विभागात २२ वर्षे होतो. वायुवाहिनी, जनित्रे, पाण्याचे पंप आणि लिफ्ट माझ्याकडे असत. कोविडची पहिली लाट ओसरल्यावर पुढच्या लाटेचा आराखडा करण्यासाठी आमच्याकडे समिती बसली आणि तिने पहिल्याच बैठकीत व्याख्यानांच्या सभागृहात ५० खाटा टाकण्याचे ठरवून टाकले. आमच्याकडे द्रवरूप ऑक्सिजनची टाकी नव्हती. मॅनिफोल्डच्या, म्हणजे अनेक सिलिंडर एकत्र जोडून वायू वाहिनीत सोडणाऱ्या जोडणीच्या, दोन्ही बाजूंना दहा-दहा डी टाइप (मोठे) सिलिंडर जोडलेले असत आणि पंधरा भरलेले सिलिंडर बाजूला उभे असत. एका डी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू मावतो. मी दोन पानांचे टिपण केले. ५० रुग्ण मिनिटाला १० लिटरवर आणि १० रुग्ण एचएफएनसीवर (नाकातून मोठ्या प्रवाहाने ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर) ५० लिटरने, असे धरले तर मिनिटाला १,००० लिटर लागतात, म्हणजे दहा सिलिंडरची एक बाजू ७० मिनिटांत रिकामी होते. आणि रिकामे सिलिंडर भरून आणायला गाडीला पाच तास लागत होते. अध्यक्षस्थानी असलेले अधीक्षक म्हणाले, की ऑक्सिजन हा पुरवठादाराचा विषय आहे, आपण खाटांचे बोलू. माझ्या टिपणावर ‘नोंद घेतली’ असा शेरा पडला आणि ते फाइलला लागले.

दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, सभागृह तीन दिवसांत भरले. नंतर सिलिंडरच्या फेऱ्या वाढवून साठ्याची ओढाताण कशीबशी निभावली, त्यामुळे माझे टिपण खोटे ठरल्यासारखेही झाले. मात्र एका रात्री दोनच्या सुमारास सभागृहातील एचएफएनसीची यंत्रे एकामागून एक अलार्म देऊ लागली. मी मॅनिफोल्डकडे धावलो, तर तिथला दाबाचा काटा व्यवस्थित ४ बारवर होता. सभागृहातल्या गेजचा काटा मात्र ३ च्या खाली गेला होता. सिलिंडर भरलेले होते, पण सभागृहाची वाहिनी दुसऱ्या मजल्यावरील कक्षाच्या शेवटच्या टोकातून काढलेली, १५ मिलिमीटरच्या तांब्याच्या नळीची होती, आणि एवढा प्रवाह तिच्यातून जाणे शक्यच नव्हते. त्या क्षणी दारात टँकर उभा असता तरी काहीही फरक पडला नसता.

त्या रात्री तिथे ज्या सिस्टर इन्चार्ज होत्या, त्यांनी जे केले ते कोणत्याही आराखड्यात नव्हते. त्यांनी माझ्या हातात चिकटपट्टीची गुंडाळी दिली, स्वतः पल्स ऑक्सिमीटर घेतला आणि पहिल्या खाटेपासून सुरुवात केली. रुग्णाचे सॅचुरेशन पाहायचे, ९८-९९ असेल तर फ्लोमीटरमधील प्रवाह दाखवणारी गोळी एकेक लिटर खाली आणत ९४ च्या आसपास थांबवायची, तो आकडा पट्टीवर पेनाने लिहायचा आणि मी ती पट्टी फ्लोमीटरच्या काचेखाली चिकटवायची, म्हणजे पुढच्या पाळीतील कोणी घाबरून गोळी पुन्हा वर चढवणार नाही. चार मास्क नुसतेच उशीवर पडलेले आणि १५ लिटरने फुसफुसत असलेले सापडले. रुग्ण स्वच्छतागृहात गेलेले होते. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या दोन ह्युमिडिफायरच्या बाटल्यांची झाकणे आटे चुकवून बसवलेली होती, त्यांतून वायू गळत होता. एचएफएनसीवरील सहा रुग्ण मॅनिफोल्डच्या जवळच्या कक्षात हलवले आणि त्यांच्या जागी तिथले कमी प्रवाहाचे रुग्ण आणले. पहाटे पाचला काटा साडेतीनच्या वर आला. त्या रात्री कोणी दगावले नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की खाट ही क्षमता मोजण्याचे एकक नाही. लोखंडी खाट ही आपत्तीत सर्वांत लवकर मिळणारी वस्तू असते, आणि कदाचित म्हणूनच समित्यांना ती मोजायला आवडते. क्षमता ठरते ती साखळीतील सर्वांत कच्च्या कडीवर, आणि ती कडी बहुधा बैठकीत कोणाच्या बोलण्यात येत नाही अशा ठिकाणी असते. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाची जनित्रे पुराच्या पाण्यापासून दूर, तेराव्या मजल्यावर सुरक्षित होती. पण त्यांना इंधन चढवणारे पंप तळघरात होते आणि तळघर बुडाले. मग माणसांची रांग लावून जिन्यावरून तेरा मजले इंधन वाहावे लागले आणि अखेर रुग्णालय रिकामे करावे लागले. जनित्रे वर ठेवण्याचा निर्णय घेणाऱ्यांनी विचार केला नव्हता असे नाही. तो एका कडीपाशी थांबला होता, इतकेच.

आपण सूत्रच मागितले आहे, तर आराखड्यात खाटांच्या आकड्याशेजारी तासांचा रकाना घाला: बाहेरून काहीही आले नाही तर ऑक्सिजन किती तास, डिझेल किती तास, पाणी, सलाईन, हातमोजे किती तास. अमेरिकेत रुग्णालयांना मानांकन देणारे जॉइंट कमिशन याच पद्धतीने ९६ तासांचा हिशेब विचारते. तेवढा साठा केलाच पाहिजे असा त्याचा अर्थ नसून, कोणती गोष्ट कधी संपेल आणि संपल्यावर रुग्णालय काय करील, हे आधी माहीत असावे, असा आहे. त्याच रकान्याच्या पुढे प्रत्येक जादा खाटेसाठी रात्रपाळीला कोणती परिचारिका असेल, हेही लिहा. ते लिहायला बसलात की जादा खाटांचा आकडा आपोआप खाली येतो.

खाटा खरोखरच हव्या असतील तर त्या विकत घेण्याआधी मोकळ्या करा. ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलणे आणि घरी जाऊ शकतील अशा रुग्णांना लवकर सोडणे यातून भरल्या रुग्णालयातही काही तासांत जागा निघते, आणि त्या खाटांना वायुवाहिनी, सक्शन व माणसे आधीच जोडलेली असतात. कोणाला सोडता येईल याची यादी रोज सकाळच्या फेरीतच होत गेली पाहिजे. आपत्ती आल्यावर ती करायला कोणालाही सवड नसते.

रुग्ण क्रमाने, रुग्णवाहिकेतून, चिठ्ठी घेऊन येतील, असेही गृहीत धरू नका. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायूचा हल्ला झाला तेव्हा जवळच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात एका दिवसात सुमारे ६४० बाधित पोहोचले. त्यांतील बहुतेक चालत किंवा मिळेल त्या वाहनाने आले, आणि त्यांच्या कपड्यांतील वायूची बाधा रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनाही झाली. तिथे किती खाटा होत्या यापेक्षा दरवाजावर कोण उभे होते आणि ते लोकांना कोणत्या दिशेला वळवत होते, हे अधिक महत्त्वाचे ठरते. आपल्या समितीत सुरक्षारक्षकांचा प्रमुख आहे का? आमच्या समितीत नव्हता.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगितली पाहिजे. माझा सगळा अनुभव श्वसनाच्या साथीचा आणि म्हणून ऑक्सिजनचा आहे. भूकंपात अडते ते वेगळ्याच ठिकाणी. १९९९ च्या तुर्कस्तानातील मारमारा भूकंपात ढिगाऱ्याखाली स्नायू चेंगरल्यामुळे ६३९ जणांची मूत्रपिंडे निकामी झाल्याची नोंद आहे आणि त्यांपैकी ४७७ जणांना डायलिसिस लागले. तिथे माझे मॅनिफोल्डचे गणित काही कामाचे नाही. डायलिसिसची यंत्रे, ती चालवणारी माणसे आणि शुद्ध पाणी लागते. तेव्हा आपल्या भागात कोणती आपत्ती संभवते ते आधी ठरवा आणि कच्ची कडी त्यानुसार शोधा. शिवाय आपल्याकडे द्रवरूप ऑक्सिजनची टाकी असेल तर माझे सिलिंडरचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. पण मग व्हेपरायझरवर, म्हणजे द्रवाचा वायू करणाऱ्या नळ्यांवर, बर्फ किती साचतो आणि तो साचल्यावर प्रवाह किती घटतो, हे मात्र तपासून घ्या.

आमचे तत्कालीन अधीक्षक आता निवृत्त आहेत आणि भेटले की आजही म्हणतात, ‘तुमचा विरोध असतानाही आपण ५० खाटा वाढवल्या, म्हणून लोक वाचले.’ त्या रात्रीनंतर आम्ही सभागृहात ३२ पेक्षा अधिक रुग्ण कधीही ठेवले नाहीत, कारण ती नळी तेवढ्यांनाच पुरत होती. उरलेल्या १८ खाटा गाद्या काढून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, आणि दैनंदिन अहवालात लाट संपेपर्यंत ५० हाच आकडा लिहिला जात होता.