आधी प्रश्न वाच

तुझा तक्ता काल रात्री दोनदा पाहिला. मुलांना मारण्याचं प्रमाण एका देशात दुसऱ्याच्या दुप्पट कसं, या प्रश्नाने तुझी झोप उडालीय म्हणतेस. आकडे बरोबर असतील गं. तू प्रश्नावली उघडली होतीस का?

युनिसेफच्या त्या सर्वेक्षणात विचारतात की गेल्या महिन्याभरात तुम्ही किंवा घरातल्या कुणाही मोठ्या माणसाने या मुलाशी असं केलं का. मग एकेक प्रकार वाचून दाखवतात: समजावून सांगितलं, आवडीची गोष्ट बंद केली, गदागदा हलवलं, ओरडलं, ढुंगणावर चापट मारली, आळशी म्हटलं, पट्ट्याने किंवा काठीने मारलं. उत्तर बहुधा आई देते, पण चापट आजोबांची असू शकते. आणि तुझा मथळा काय? ‘आया मुलांना शिस्त कशी लावतात’! शिवाय महिन्यात एकदा ओरडा खाल्लेलं मूल आणि रोज काठी खाणारं मूल, दोघंही ‘हिंसक शिस्त’ याच रकान्यात. प्रश्न वाचला असतास तर हा मथळा सुचलाच नसता.

युनिसेफचेच दोन आकडे घे. 2017 साली त्यांनी सांगितलं, घरात हिंसक शिस्त सोसणारी मुलं चारपैकी तीन, म्हणजे सुमारे 30 कोटी. 2024 साली सांगितलं, दहापैकी सहा, जवळपास 40 कोटी. प्रमाण घटलं आणि मुलं वाढली? पहिला आकडा 2 ते 4 वर्षांच्या मुलांचा, दुसरा पाच वर्षांखालच्या सगळ्यांचा, त्यात तान्ही बाळंही आली. वय न वाचता हे दोन आकडे शेजारी ठेवणाऱ्याला मी कामावर ठेवणार नाही.

ठेवणार नाही म्हणतेय खरी, पण मी स्वतः हेच केलंय. एक पाहणी 2 ते 14 वयाची, दुसरी 1 ते 14 ची. दोन्ही जोडून ‘मारहाण घटली’ असं भर बैठकीत सांगितलं. टाळ्या पडल्या. चूक महिन्याभराने कळली, तरी दुरुस्ती पाठवली नाही. जुनी प्रश्नावली हाताशी नव्हती, हे कारण मी आजही देते आणि ते खोटं नाही. मागितली असती तर मिळाली असती, एवढंच.

म्हणून चिडते तुझ्यावर. प्रश्न वाच, आणि ज्या भाषेत विचारला त्या भाषेत वाच. ‘चापट’ला कुणी मार समजत नाही, ‘मारलं का’ म्हटलं की तीच आई नाही म्हणते. स्वीडनमध्ये 1979 पासून मुलांना मारायला कायद्याने बंदी आहे. तिथल्या आईला हाच प्रश्न वेगळा ऐकू येणार.

मथळा खोड. प्रत्येक आकड्याखाली वय, कालावधी आणि उत्तर कुणी दिलं ते लिही, मग परत पाठव. आणि हो, शिस्तीच्या प्रश्नांसाठी घरातून एकच मूल चिठ्ठी टाकून निवडलेलं असेल, तर पाच मुलांच्या घरातलं ते मूल आणि एकुलतं एक मूल तू सारखंच मोजलंस की भारांक लावलास, म्हणजे पाचांतून निवडलेल्याचं उत्तर पाचपट धरलंस?