मारिओ पळत नाहीये, आपला टीव्ही गेम सावकाश चालायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कर्वेनगरचं घर रंगवायला काढलंत तेव्हा माळ्यावर १९९४च्या सुमाराचा टीव्ही गेम निघाला. दोन रिमोट, एक बंदूक, चार कॅसेट, अ‍ॅडॉप्टर गायब. मुलीला दाखवायचा म्हणून आधी एम्युलेटर (जुनं मशीन कॉम्प्युटरवर हुबेहूब चालवणारा प्रोग्रॅम) टाकून मारिओ लावून पाहिलात, तर तो ‘आपला’ वाटला नाही, फार घाई करतोय असं वाटलं. त्यावरून तुम्हाला वाटतंय की लहानपणची आठवणच खोटी आहे आणि हे सगळं भंगारात द्यावं.

देऊ नका. आठवण खोटी नाही. आपल्याकडे मारिओ खरोखरच सावकाश धावायचा, आणि त्याचं कारण मशीनमध्ये आहे.

तुमच्याकडचं मशीन म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या गेम मशीनची नक्कल. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ला विक्रीला आलं. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही एनटीएससी पद्धतीचे, सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवणारे. आपल्याकडे पाल, म्हणजे ५० वेळा. त्या काळचे गेम वेळ मोजायचे ते पडद्यावरून. पडदा एकदा रंगून झाला की मारिओ जरा पुढे, कासव जरा पुढे, गाणंही जरा पुढे. पडदा ५० वेळाच रंगला तर सगळा खेळ एक षष्ठांशाने मंदावतो. मारिओच्या पहिल्या स्टेजला ४०० ‘टाइम’ मिळतो, आणि त्यातला एक आकडा उतरायला पडदा २४ वेळा रंगावा लागतो. हिशोब करा: जपानमधल्या पोराला त्या स्टेजसाठी १६० सेकंद मिळायचे, तुम्हाला-मला १९२. खड्ड्याच्या काठावर थांबून उडी मारायचा अंदाज घ्यायला आपल्याकडे वेळ होता, म्हणून तुमच्या बोटांना आजचा मारिओ उतावळा वाटतो.

यात आणखी एक बारकावा आहे आणि मला तो फार आवडतो. युरोपसाठी निन्टेन्डोने स्वतः ५०चं मशीन काढलं, पण त्यात प्रोसेसरचा वेगही १.७९ मेगाहर्ट्झवरून १.६६वर आणला. त्यामुळे सूरही खाली उतरले. तैवानच्या यूएमसी कंपनीने नकलांसाठी ज्या चिप बनवल्या, त्यांत पडदा ५०चा ठेवला पण प्रोसेसर १.७७वर, म्हणजे जवळजवळ जपानीइतकाच. त्यामुळे आपल्या टीव्ही गेममध्ये मारिओचं गाणं मूळच्याच पट्टीत वाजायचं, फक्त लय उतरलेली. तुम्ही ‘सूर तोच आहे पण काहीतरी बिनसलंय’ असं लिहिलंत ना, ते अगदी अचूक आहे.

म्हणून एम्युलेटरमध्ये ‘एनटीएससी’ नको आणि ‘पाल’ही नको. कॉम्प्युटरवर मेसेन किंवा एफसीईयूएक्स घ्या, त्यांत ‘डेंडी’ नावाचा तिसरा पर्याय असतो. रशियात १९९२पासून डेंडी नावाची नक्कल विकली जायची, तिच्यावरून या वेगाला ते नाव पडलं. यूएमसी पद्धतीच्या आपल्या मशीननाही तोच लागू पडतो. मी पहिल्यांदा तो पर्याय लावला आणि पहिली उडी मारली ती बरोब्बर नळावर पडली. तीस वर्षं न वापरलेला अंदाज अंगठ्यात जसाच्या तसा होता.

आमच्याकडचा टीव्ही गेम सदाशिव पेठेतल्या वाड्यात होता. लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, कौलांवर अँटेना, तोंड सिंहगडाकडे, कारण पुण्यात दूरदर्शन गडावरच्या मनोऱ्यावरून यायचं. अँटेनाची चपटी वायर टीव्हीच्या मागे दोन स्क्रूंना अडकवलेली असायची. गेम लावायचा तर ती वायर सोडवून एका छोट्या डबीला जोडायची आणि डबीच्या वायरी टीव्हीला. डबीवर एक खटका, एकीकडे टीव्ही, दुसरीकडे गेम. मग चॅनलच्या बटणाभोवतीची बारीक चकती फिरवत बसायचं. आधी नुसत्या मुंग्या, मग तिरक्या पट्ट्या, मग आवाज आधी येतो आणि चित्र एकदम जाग्यावर बसतं. आई बातम्यांच्या आधी खटका परत टीव्हीकडे करायला लावायची, आणि तो करताना जरा धक्का लागला की पुन्हा मुंग्या.

कॅसेटबद्दल. तुमच्या चारपैकी एकीवर ‘९९९९ इन १’ लिहिलंय म्हणालात. त्यात खरे गेम सात-आठच असतात. बाकीची नावं म्हणजे तेच गेम, कुठे तिसऱ्या स्टेजपासून सुरू होणारे, कुठे जास्त लाइफ देऊन. पण तेवढ्यावर ती कॅसेट फेकू नका, कारण तिच्यातून आपल्या पिढीची एक गोष्ट कळते. आपण नव्वदच्या दशकात जे खेळलो ते बहुतेक १९८३ ते १९८६चे गेम होते: मारिओ १९८५चा, टँक म्हणजे ‘बॅटल सिटी’ १९८५चा, बदकांचा ‘डक हंट’ १९८४चा, गाड्यांचा ‘रोड फायटर’ १९८५चा. जुने का? कारण ते लहान होते. अख्खा सुपर मारिओ ४० केबीत मावतो, बॅटल सिटी २४ केबीत. असे गेम एका स्वस्त चिपवर शेजारी-शेजारी बसवता यायचे. सुपर मारिओ ३ एकटाच ३८४ केबीचा, शिवाय त्याला कॅसेटमध्ये वेगळी चिप लागते. म्हणून तो कुणा एकाच्याच घरी असायचा आणि त्या घरी आपण जरा जास्त जायचो. ‘काँट्रा’ही असाच, १२८ केबीचा. आमच्या गल्लीतलं दुकान साध्या कॅसेट दिवसाला पाच रुपये भाड्याने द्यायचं, काँट्राचे दहा घ्यायचं. त्या दहा रुपयांचा हिशोब आज लागतो.

काँट्राचं निघालं म्हणून सांगतो: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, मग स्टार्ट, की ३० लाइफ. हा कोड काँट्रा काढणाऱ्या कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी आधी १९८६च्या ‘ग्रेडियस’ या गेमसाठी घातला होता, गेम तपासताना त्यांना स्वतःलाच तो अवघड जायचा म्हणून. ते फेब्रुवारी २०२०मध्ये गेले. पुण्यातल्या वाड्यात, ना इंटरनेट ना मासिक, तरी हा कोड आमच्यापर्यंत तोंडी आला आणि एकही बटण न चुकता आला.

आता कामाचं, आणि हे नीट वाचा. अ‍ॅडॉप्टर मिळाला की लगेच खुपसू नका.

का, ते माझ्या अनुभवावरून सांगतो. माझ्या काकांकडे डीबी स्पेक्ट्रम प्लस नावाचा घरगुती कॉम्प्युटर होता. इंग्लंडच्या सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम १९८२चा. त्याच्या प्लस मॉडेलची आपल्याकडची परवान्याची आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६मध्ये आणली. ४८ केबी मेमरी, गेम टेपच्या कॅसेटवर. काका टेपरेकॉर्डर जोडून ‘लोड’ लिहायचे, ‘जे’ अक्षराचं एकच बटण दाबलं की तो अख्खा शब्द उमटायचा. मग प्ले. पडद्याच्या कडेला लाल-निळसर जाड पट्टे, कर्कश लांब सूर, की पट्टे बारीक होऊन निळे-पिवळे. चार-पाच मिनिटं कुणी हलायचं नाही. लोड होईना तर काका टेपच्या हेडशेजारचा चिमुकला स्क्रू घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवायचे आणि आवाज सर्वांत कर्कश होईल तिथे थांबायचे. मी ‘बेसिक’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा तिथे शिकलो, पुढे पोट त्यावरच भरलं.

काका गेल्यावर तो स्पेक्ट्रम माझ्याकडे आला. अ‍ॅडॉप्टर नव्हता. एका दुकानात सांगितलं ९ व्होल्टचा पाहिजे. त्यांनी एक दिला, म्हणाले सगळे सारखेच असतात. घरी येऊन लावला आणि मशीन गेलं. स्पेक्ट्रमला पिनच्या मधोमध निगेटिव्ह लागतो, आणि बाजारातले बहुतेक अ‍ॅडॉप्टर मधोमध पॉझिटिव्ह असतात. त्याच्या खालच्या १६ केबीच्या आठ चिपना +५, −५ आणि +१२ असे तीन व्होल्टेज लागतात. त्यातला −५ गेला की चिप मरतात. आठपैकी पाच बदलाव्या लागल्या. चालू झाला, पण ते दोन महिने मला काकांना काय तोंड दाखवू असं वाटत होतं.

तुमच्या गेमचं ध्रुवत्व, म्हणजे निगेटिव्ह मधोमध की बाहेर, मी इथून सांगू शकत नाही, कारण नकलांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. पण शोधणं सोपं आहे. तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, साधा मल्टीमीटर आणा. मागचे स्क्रू काढा. आत पत्र्याला टेकवलेला तीन पायांचा ७८०५ दिसेल, तो ९चे ५ व्होल्ट करतो. त्याचा मधला पाय म्हणजे निगेटिव्ह. मीटर बीपवर ठेवून एक टोक त्या पायाला लावा, दुसरं आधी अ‍ॅडॉप्टरच्या खाचेतल्या पिनला आणि मग बाहेरच्या पत्तीला. जिथे बीप वाजेल ती बाजू निगेटिव्ह. ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर किंवा जास्त पुरे. जुन्या बाजारातून ट्रान्सफॉर्मरचा जड अ‍ॅडॉप्टर आणलात तर त्यावर ९ लिहिलेलं असूनही काही न जोडता मोकळा मोजल्यावर १२-१३ दाखवतो. ते त्याच्या जातीचंच आहे, बिघाड नव्हे.

कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपण सगळे मारायचो. फुंकर घालण्यासाठी कॅसेट काढून परत बसवली जायची, आणि खरा उपयोग त्या बसवण्याचा होता. तोंडातल्या ओलीने उलट कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा. काळ्या पडल्या असतील तर आधी पांढऱ्या खोडरबरने हलकेच.

एलईडी टीव्हीवर चित्र येईल. मशीनच्या कडेला पिवळं-पांढरं सॉकेट असेल तर एव्हीची वायर लावा. नसेल तर अँटेनाच्या खाचेत घालून अ‍ॅनालॉग चॅनल शोधायला सांगा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा येते.

बंदूक मात्र त्यावर चालणार नाही, आणि ती बिघडलेली नाही. घोडा दाबला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीतला डोळा आधी अंधार आणि लगेच उजेड पाहतो का, एवढंच तपासलं जातं. जुन्या टीव्हीवर हे त्याच क्षणी घडतं. एलईडी टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून मग दाखवतो, तोवर गेमने ‘चुकलं’ ठरवलेलं असतं. बदकं मारायची असतील तर काचेच्या नळीचा टीव्ही लागेल. रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर टाका, १४ इंची मिळाला तर तिथेच लावून बघा आणि मगच घ्या.

शेवटचं एक. दोन्ही रिमोट शेजारी ठेवून पाहा. स्टार्ट आणि सिलेक्ट बहुधा एकाच रिमोटवर असतील, दुसऱ्यावर नाहीत. फॅमिकॉमपासून तशीच रीत आहे. मी धाकटा, त्यामुळे माझ्या हाती कायम दुसरा रिमोट. गेम थांबवायचा तो दादाने, परत सुरू करायचा तो दादाने. मुलीला पहिला रिमोट द्या.