मोठा सायकलपटू निवृत्तीनंतर चांगला टीम मॅनेजर होतो का? आणि त्यासाठी काय शिकावं लागतं?

होतोच असं मुळीच नाही. हे भोगून सांगतोय.

कॉलेजात आमचे मॅनेजर माजी विजेते होते. एका रोड रेसमध्ये घाट लागायच्या आधीच माझा गुडघा धरला. मॅनेजरांच्या जीपजवळ जाऊन सांगितलं, तर खिडकीतून उत्तर आलं, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती. हो पुढे!" झालो. घाटाच्या मध्यावर पाय जो थांबला, तो पुढचा सगळा सीझन फुकट घालवून. वर टीमसमोर त्यांच्याकडून ऐकून घेतलं, "ज्यानं काही जिंकलं नाही, त्यानं मला शिकवू नये."

त्यांना कुणीतरी सिरिल गिमार या फ्रेंच सायकलपटूबद्दल सांगायला हवं होतं. 1972 च्या टूर द फ्रान्समध्ये या माणसानं तेव्हाच्या सर्वांत मोठ्या सायकलपटूला, एडी मर्क्सला, घाम फोडला होता. माँ रेव्हारच्या डोंगरी टप्प्यावर मर्क्सनं जिंकलो समजून हात वर केले आणि गिमारनं रेषेवर त्याला गाठलं. पण गुडघे गेले. दुसऱ्या क्रमांकावर, अंगात गुणांमधल्या आघाडीची हिरवी जर्सी, शेवटचा मुक्काम पॅरिस तोंडावर आलेलं, अशा वेळी टूर सोडावी लागली. त्यानं टूर कधीच जिंकली नाही. मग 1976 मध्ये, तिशीही गाठली नव्हती तेव्हा, तो जितान टीमचा मॅनेजर म्हणून गाडीत बसला. सेंट-लारीच्या टप्प्यावर शेवटचा चढ बराच लांब असतानाच त्यानं आपल्या टीमच्या व्हॅन इम्पला हल्ला करायला, म्हणजे वेग वाढवून पुढे निसटायला लावलं. व्हॅन इम्प कां-कू करत होता. प्रतिस्पर्धी झूटेमेल्क मागे हिशेब करत बसला आणि टूर तिथेच व्हॅन इम्पच्या बाजूनं फिरली. पुढे त्याच्या हाताखाली इनो चारदा, फिन्यों दोनदा टूर जिंकले. स्वतः एकही न जिंकता सात टूर जिंकून दिल्या! कुणाचे पाय कधी संपतील, हे त्याला गाडीतून कळायचं.

आता, इनोशी त्याचं इतकं बिनसलं की इनोनं टीमच सोडली, हेही खरं. 1989 च्या टूरमध्ये फिन्यों ज्या लेमाँडकडून 8 सेकंदांनी हरला, त्याला व्यावसायिक रेसिंगमध्ये गिमारनंच आणलं होतं. आणि माझ्या मताविरुद्ध जाणारा ब्यार्ने रीस आहेच: 1996 ची टूर जिंकला आणि मॅनेजर म्हणून 2008 ला सास्त्रेला जिंकवलं. अर्थात 2007 मध्ये ईपीओ हे बंदी असलेलं औषध घेतल्याची कबुली त्यानंच दिली, तेव्हा त्या जिंकण्याचं काय ते तुम्हीच ठरवा.

शिकण्याचं म्हणाल, तर यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेचा स्पोर्ट डायरेक्टरांसाठी, म्हणजे टीम मॅनेजरांसाठी, कोर्स असतो, तो करा. पण त्याआधी एखादा सीझन दुसऱ्यासाठी बाटल्या वाहा. आमच्या साहेबांनी ते कधीच केलं नव्हतं.