वाचकांचे प्रश्न : आधी डब्यात काय पडतंय ते बघा

या वेळी कचरा कमी करण्याबद्दल खूप प्रश्न आलेत, काही तर अगदी वैतागून लिहिलेले. सगळे घेता येणार नाहीत, म्हणून जे परत परत विचारले गेलेत तेच निवडले.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी मोठ्या उत्साहाने कंपोस्टचा डबा सुरू केला. आता झाकण उघडलं की असा काही वास येतो की घरातले म्हणतात फेकून दे. वर चिलटं वेगळीच. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : फेकू नका, प्लीज. हे जवळपास सगळ्यांचं होतं, माझंही झालंय. माझ्या पहिल्या डब्यात तळाला काळपट चिकट लगदा साचला होता, काठी घातली की बुडबुडे यायचे आणि वास थेट सडक्या अंड्यांचा. कारण एकच, आत हवा नाही. भाजीच्या साली, फळांची टरफलं, उरलेलं अन्न हे सगळं पाण्याने भरलेलं असतं, ते एकावर एक बसलं की मधल्या फटी बुजतात, मग हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तोच तो अंड्याचा वास. वास नाकाडोळ्यांना झोंबणारा, अमोनियाचा असेल तर नायट्रोजन जास्त झालाय असं समजा. दोन्हीवर इलाज तोच, सुकं घाला. वाळलेली पानं, फाडलेला पुठ्ठा, अंड्यांचे कागदी ट्रे, लाकडाचा भुसा, जे हाताशी असेल ते.

कंपोस्ट बनवणाऱ्या जिवाणूंना साधारण 25 ते 30 भाग कार्बनला 1 भाग नायट्रोजन असं खाणं लागतं, सुक्यात कार्बन जास्त असतो आणि ओल्यात नायट्रोजन, पण घरी कोण मोजत बसणार, त्यामुळे एक वाटी ओलं तर दोन वाट्या सुकं एवढंच डोक्यात ठेवा. मी त्या दिवशी जुने पेपर पसरून अख्खा डबा रिकामा केला, तळाला काटक्यांचा थर दिला म्हणजे खालून हवा खेळती राहील, मग लगद्यात पुठ्ठ्याचे तुकडे हाताने मिसळत गेले, तासभर गेला त्यात. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर ओल्या मातीचा वास! नंतर अंदाज घ्यायची सोपी पद्धत म्हणजे मूठभर घेऊन घट्ट दाबायचं, पाण्याची धार लागली तर ओलं जास्त आहे, एखाद-दोन थेंब आले तर बरोबर, आणि भुगाच पडला तर पाणी शिंपडा.

चिलटांची अंडी बहुतेक वेळा फळांच्या सालींवरूनच आत येतात आणि आठ-दहा दिवसांत नवीन पिढी तयार होते, त्यामुळे दरवेळी ओलं आत दाबून वर दोन बोटं जाडीचा सुका थर द्या, उघडं ठेवूच नका. दोन आठवडे हे नेमाने केलंत की फरक दिसेल.

आणि हा सगळा खटाटोप कशाला, असं घरचे विचारत असतील तर त्यांना सांगा की हाच ओला कचरा डेपोतल्या ढिगाखाली दाबला गेला की तिथेही हवा नसते, तिथे तो कुजून मिथेन बनतो, आणि 100 वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 28 पट जास्त उष्णता धरून ठेवतो.

प्रश्न : प्लास्टिक सोडायचं म्हणून कापडी पिशव्या, बांबूचे ब्रश, स्टीलचे स्ट्रॉ, काचेच्या बरण्या असं सगळं घेतलं. पण आता घरात पिशव्याच पंधरा झाल्यात. हे बरोबर चाललंय ना?

उत्तर : मनापासून सांगते, इथे जरा थांबा. 2018 मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण विभागाने पिशव्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नेहमीची सुती पिशवी प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला नुसता हवामानबदलाचा हिशोब धरला तर 52 वेळा वापरावी लागते असं निघालं, आणि पाणी, रसायनं वगैरे बाकीचे सगळे परिणाम धरले तर आकडा 7,100 वर गेला. उघड्यावर, नदी-समुद्रात जाऊन पडणाऱ्या प्लास्टिकचा हिशोब त्यात नव्हता, त्यामुळे प्लास्टिकच बरं असा अर्थ काढू नका. अर्थ एवढाच की कापूस पिकवायला, विणायला खूप काही खर्ची पडतं, तेव्हा दर आठवड्याला तीच एक पिशवी नेलीत तर वर्षभरात 52 होतात, पण पंधरा पिशव्या आलटून पालटून नेल्यात तर त्याला पंधरा वर्षं लागतील.

म्हणजे दोन-तीन ठेवा, बाकीच्या वाटून टाका ज्यांना खरंच लागतात त्यांना. नवीन कापडापेक्षा जुन्या चादरीची शिवलेली पिशवी तर कधीही चांगली, कारण ते कापड आधीच बनून, वापरून झालेलं असतं. बरण्यांचंही तेच, जॅम संपला की ती बरणी धुऊन वापरा की, एकसारख्या दिसायला हव्यात म्हणून नवा सेट कशाला! आणि घरात असलेले प्लास्टिकचे डबे इको-फ्रेंडली व्हायचं म्हणून फेकून देऊ नका, हे मी फार घरांत बघितलंय आणि वाईट वाटतं. त्यात गरम पदार्थ ठेवायचे नसतील तर खिळे-स्क्रू ठेवा, बटणं ठेवा, पण तुटेपर्यंत वापरा.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. मुलांसोबत कचरा कमी करायचा उपक्रम घ्यायचाय, पण पोस्टर आणि घोषणांच्या पुढे काही सुचत नाही.

उत्तर : पोस्टर तर अजिबात नको, कारण दोन दिवसांनी तोच कचरा होतो, आणि त्यावर प्लास्टिकचं लॅमिनेशन केलं तर तो कागद रिसायकलच्या लगद्यातही जात नाही. त्यापेक्षा एका दिवसाचा वर्गातला आणि जेवणाच्या सुट्टीतला कचरा मोठ्या कापडावर पसरा, हातमोजे द्या, मुलांना वेगळं करू द्या आणि वजन करून फळ्यावर लिहा. ओला, कागद, प्लास्टिक, इतर. मी एका शाळेत हे केलं तेव्हा मुलांची खात्री होती की प्लास्टिकच सगळ्यात जास्त निघणार, आणि निघालं काय तर उरलेलं अन्न, प्लास्टिकपेक्षा कितीतरी जड. एक मुलगी एक अख्खं सफरचंद हातात घेऊन उभी होती, एकच चावा घेतलेलं, बराच वेळ ते खाली ठेवेचना. मग मुलांनीच विचारलं की डब्यात अर्धंच फळ कापून आणलं तर चालेल का. हे मी सांगून झालं नसतं, खरंच.

दुसरी गोष्ट वह्या. वर्ष संपलं की जुन्या वह्यांमधली कोरी पानं मोजायला लावा, काढून दोऱ्याने शिवा, कच्च्या कामाच्या वह्या तयार. कागद रिसायकल होतो हे खरं, पण त्याचे तंतू दरवेळी आखूड होत जातात, साधारण पाच ते सात वेळांनंतर ते कामाचे राहत नाहीत, त्यामुळे कोरं पान रद्दीत घालण्याआधी वापरलेलंच बरं. आणि प्रोजेक्टला थर्मोकोल, चमकी यांना सरळ नाही म्हणा. चमकी म्हणजे बहुतेक वेळा प्लास्टिकचाच चुरा, तो नाल्यात गेला की परत गोळा करता येत नाही. पालकांना चिठ्ठी पाठवा की पुठ्ठा आणि जुने पेपर वापरलेल्या प्रोजेक्टचे मार्क कमी होणार नाहीत, निम्म्या पालकांना तीच धास्ती असते. महिनाभराने परत वजन करा, त्याच फळ्यावर, जुन्या आकड्यांच्या शेजारी.

प्रश्न : डब्याखाली त्रिकोणात नंबर असतो म्हणजे तो रिसायकल होतोच ना?

उत्तर : नाही. 1 ते 7 हा आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो, 1988 मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने ही पद्धत आणली. 1 म्हणजे पेट, पाण्याच्या बाटल्यांचं, 2 म्हणजे एचडीपीई, शॅम्पूच्या बाटल्यांचं जाड प्लास्टिक, ही दोन बऱ्याच ठिकाणी घेतली जातात, 5 कुठे कुठे, 6 आणि 7 फारच कमी. जगभरातल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम 9 टक्के रिसायकल होतं, त्यामुळे रिसायकलच्या भरवशावर खरेदी करू नका.

प्रश्न : कंपोस्टेबल लिहिलेले कप वापरले तर चालतील?

उत्तर : बरेचसे पीएलए नावाच्या प्लास्टिकचे असतात, ते मका किंवा ऊस यांच्यापासून बनतं, पण कुजायला 60 अंशांच्या आसपास तापमान सलग लागतं, जे मोठ्या प्रकल्पात मिळतं, तुमच्या घरच्या डब्यात नाही. मी एक कप टाकून बघितला होता, आठ महिन्यांनी धुऊन परत वापरता आला असता इतका धडधाकट निघाला. हे कप रिसायकलला द्यायच्या पेट बाटल्यांमध्येही टाकू नका, तो सगळा लॉट बिघडतो. कार्यक्रम असेल तर धुवायचे पेले, आणि जमलंच तर प्रत्येकाने आपला आणायचा.

प्रश्न : घरात मी एकटीच ओला-सुका कचरा वेगळा करते, बाकी कोणी मनावर घेत नाही. रोज त्यावरून चिडचिड होते.

उत्तर : चिडचिड सोडा, डब्यांची जागा बदला. सुक्याचा डबा बाहेर कोपऱ्यात आणि ओल्याचा ओट्याखाली असेल तर सगळं ओल्यातच पडणार, माणूस हात पोहोचतो तिथेच टाकतो. दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवा, ओल्याचं भांडं छोटं ठेवा आणि रोज रिकामं करा म्हणजे वास येणार नाही. आणि फ्रीजमध्ये समोरच्या कप्प्यात आधी संपवायचं ते ठेवा, वरती कागद चिकटवा. 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतून, म्हणजे निम्मं भांडण त्या समोरच्या कप्प्यातच मिटेल.

प्रश्न : संपलेले सेल, बंद पडलेले चार्जर कुठे टाकायचे?

उत्तर : ओल्यातही नाही, सुक्यातही नाही. एक बरणी ठेवा, सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून त्यात टाका, लिथियमचे असतील तर हे नक्की करा कारण टोकं एकमेकांना किंवा धातूला टेकून आग लागू शकते. फुगलेली मोबाईलची बॅटरी मात्र बरणीत नको, ती वेगळी, थंड जागी ठेवा आणि लगेच नेऊन द्या. बाकीची बरणी भरली की ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर. चार्जर, वायर, जुने इअरफोन यांची वेगळी पिशवी करा, आणि देण्याआधी एकदा लावून बघा, माझ्या पिशवीतले दोन चार्जर चालू निघाले, बिघडलेलं सॉकेट होतं.