दंतरोपणापूर्वी संगणकावर तयार केलेले जबड्याचे मॉडेल पाहून रोपण टिकेल की नाही हे सांगता येते का?

रोपण कोठे, किती खोल आणि कोणत्या कोनात बसवावे हे अशा मॉडेलवरून चांगले ठरवता येते, पण ते किती वर्षे टिकेल हे सांगता येत नाही. सीबीसीटी स्कॅनमधून (शंकूच्या आकाराच्या क्ष-किरण झोताने जबड्याची त्रिमितीय प्रतिमा घेणारी तपासणी) हाडाची उंची, जाडी आणि खालच्या जबड्यातील मज्जातंतूचा मार्ग ही माहिती त्याच रुग्णाची मिळते, त्यामुळे मज्जातंतूपासून साधारण २ मिलिमीटर अंतर राखून रोपणाची लांबी निवडता येते. त्यापुढे फायनाइट एलिमेंट पद्धतीने जबड्याचे असंख्य सूक्ष्म घटकांत विभाजन करून त्यावर चावण्याचा भार दिला, की ताण कोठे साचतो ते दिसते. तो बहुधा रोपणाच्या मानेभोवतीच्या कठीण हाडात साचतो आणि भार तिरका असल्यास वाढतो. मात्र सीबीसीटीतील करड्या छटा वैद्यकीय सीटीइतक्या प्रमाणित नसल्याने त्यांवरून काढलेली हाडाची घनता अंदाजे असते, चावण्याचा भार सहसा गृहीत धरलेला असतो, आणि अनेक मॉडेलांत हाड व टायटॅनियमचे रोपण पूर्णपणे सांधलेले मानले जाते, जे शस्त्रक्रियेच्या दिवशी खरे नसते. म्हणून दोन आराखड्यांपैकी कोणता सरस, एवढ्या तुलनेसाठी ते वापरावे. रंगीत ताणचित्रे (माझ्या मते) असतात त्याहून अधिक खात्रीची भासतात. शिवाय धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह आणि हिरड्यांचा आजार ही अपयशाची महत्त्वाची कारणे या गणितात सहसा नसतात, त्यामुळे त्यांची तपासणी दंतवैद्याकडून स्वतंत्रपणे करून घ्यावी.